मर्डो मॅकॅस्किलचे फुगलेले गाल

आयर्लंडमधल्या किलबॅरन गावात दर गुरुवारी संध्याकाळी डिम्फनाच्या पबात वाजवणारी मंडळी जमायची, आणि दर गुरुवारी मर्डो मॅकॅस्किल बायकोचा कोट मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसायचा. बायको अट्रॅक्टा शेगडीजवळच्या गोलात कॉन्सर्टिना वाजवायची. दोन हातांत मावणारी ती छोटी षटकोनी पेटी तिच्या बोटांखाली अशी काही पळायची, की आमच्या क्लेअर परगण्यातली म्हातारी माणसंसुद्धा ग्लास खाली ठेवत. मर्डो मात्र कोट सांभाळायचा.

आता मर्डो काही साधा श्रोता नव्हता. स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावर त्याच्या पाइपवादनाला, म्हणजे पिशवीच्या बॅगपाइपला, बक्षिसं होती. जन्मभर बोटीवर दोरखंड ओढले आणि उरलेल्या वेळात पाइप फुंकला, एवढंच त्याचं चरित्र. पण तो स्कॉटलंडचा पाइप. उभ्याने, चालत, तोंडाने हवा भरून वाजवायचा, आणि दोन टेकड्यांपलीकडच्या माणसाला ऐकू जावा म्हणूनच घडवलेला. डिम्फनाने एकदा माणुसकीखातर त्याला आत वाजवू दिलं. तेव्हापासून पबातल्या मांजराला ऐकू येत नाही, असं ती अजून सांगते. मांजर त्याआधीही हाक मारल्यावर येत नसे, पण डिम्फनाला हे कोण सांगणार?

गोलात जो पाइप चालायचा तो आयरिश, आणि तो वाजवायचा कोलमन हेहिर. हा मर्डोचा शेजारी, सात-आठ गाईंचा मालक आणि गावातली सगळ्यात तिरकस जीभ. आयरिश पाइपला तोंडाची गरजच नसते. उजव्या कोपराखाली छोटा भाता बांधायचा, डाव्या कोपराखाली पिशवी धरायची, बोटांनी वाजवायची नळी मांडीवर टेकवायची आणि खुर्चीत बसून वाजवायचं. आवाज खोलीपुरता. म्हणून कोलमन वाजवता वाजवता बोलूही शकायचा, आणि हेच गावाचं दुर्दैव होतं.

"काय मर्डो," तो भाता हलवत म्हणायचा, "तुमचं वाद्य शत्रूला पळवण्यासाठी केलेलं ना? मग लढाई संपल्याचं तुम्हाला कोणी कळवलं नाही का?"

"आमच्यात माणूस पायांवर उभा राहून वाजवतो," मर्डो म्हणायचा. "बसून, पट्टे बांधून, कोपरं हलवत... मला आधी वाटलं तुला कोणी दवाखान्यातून आणून बसवलंय."

"नऊ सूर आहेत तुमच्या नळीत. नऊच."

"नऊच आहेत, पण ते वाजतात. तुझ्या पाइपच्या आतली बोरूची पाती जरा पाऊस आला की रुसते. आणि तू राहतोस क्लेअरमध्ये."

यावर सगळा पब हसायचा. कोलमनही हसायचा, कारण आदल्या गुरुवारीच ओल धरली म्हणून त्याने सगळी संध्याकाळ पाती खरवडण्यात घालवलेली असायची.

हसून झालं की मर्डो पुन्हा कोटाची घडी घालायचा. त्याच्या मनात काय होतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, ग्लासगोच्या दवाखान्यात नर्स असलेल्या अट्रॅक्टाशी त्याची गाठ पडली तीही एका नाचाच्या कार्यक्रमात, घरात दोघंही वाजवणारी, आणि इतक्या वर्षांत दोघांनी मिळून एक चाल वाजवलेली नव्हती. वाजवणार कशी? त्याचा पाइप सुरू झाला की तिला आपली पेटी उघडी आहे की मिटलेली हेही कळायचं नाही. शिवाय त्याचा सूर सगळ्या जगाहून अर्ध्या पट्टीने वर. त्यामुळे लुईसला असताना तो समुद्रावर जाऊन वाजवायचा आणि ती स्वयंपाकघरात. निवृत्तीनंतर ती दोघं तिच्या गावी आली, तेव्हा समुद्राच्या जागी शेत आलं, बाकी सगळं तेच. गोलात अट्रॅक्टाच्या शेजारी बसून कोलमन वाजवायचा, आणि मर्डोला त्याचा मत्सर वाटायचा. अगदी सरळ, निव्वळ मत्सर. सत्तरीला टेकलेल्या माणसाला शोभणारा नव्हे, पण होता.

शेवटी एका मंगळवारी तो कोलमनच्या गोठ्यात गेला.

"मला तुझा पाइप शिकव," तो म्हणाला. "अट्रॅक्टाबरोबर एक चाल वाजवायची आहे. एकच. तिला सांगायचं नाही."

कोलमनने हातातली बादली खाली ठेवली. तो आत गेला आणि आपला जुना पाइप घेऊन आला.

बोटांना अडचण आली नाही. सूर झाकायची पद्धत वेगळी, पण ती महिनाभरात बसली. अडचण आली ती श्वासाची. हवा कोपराने भरायची आहे हे मर्डोला समजत होतं, पण त्याच्या छातीला समजत नव्हतं. हाताखाली पिशवी आली की साठ वर्षांच्या सवयीने त्याचे गाल टम्म फुगायचे, श्वास रोखला जायचा, आणि फुंकायला नळी नसल्यामुळे ती हवा तिथेच अडकून राहायची. चालीच्या दुसऱ्या फेरीला तो बीटासारखा लाल व्हायचा आणि तिसऱ्या फेरीला खुर्चीवरून कलायचा.

"श्वास घे रे बाबा," कोलमन ओरडायचा. "तो पाइपसाठी नाही, तुझ्यासाठी आहे."

कोलमनने त्याच्या तोंडात लिमलेटची गोळी ठेवून पाहिली. मर्डोने ती गिळली. मग वाजवताना गाईंची नावं म्हणायला लावली. नावं संपली की गाल पुन्हा वर. दुसरी खोड पायांची. चाल रंगली की मर्डो आपोआप उठून चालायला लागायचा, नळी मांडीवरून निसटायची आणि डुकराला चिमटा काढल्यासारखा आवाज व्हायचा. यावर उपाय म्हणून कोलमनने त्याला वासराच्या दोरीने खुर्चीला बांधलं.

"रोज दुपारी कुठे असतोस?" अट्रॅक्टाने विचारलं.

"कोलमनची वासरं आजारी आहेत. मदतीला जातो."

त्याच्या अंगाला शेणाचा वास यायचा, त्यामुळे तिचा विश्वास बसला. तिने वासरांसाठी औषधही सुचवलं.

वसंतात एका गुरुवारी कोलमन म्हणाला, "आज जमेल. संथ चाल घे, तुझी आई गायची ती. इकडेही तीच आहे, फक्त शब्द निराळे. आणि श्वास घे."

त्या संध्याकाळी अट्रॅक्टाने कोट काढून पुढे केला, पण तो घ्यायला कोणी नव्हतं. मर्डो गोलात तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, कोपराला भाता, मांडीवर नळी, कमरेला वासराची दोरी.

"हे काय?" ती म्हणाली.

"वाजव," मर्डो म्हणाला.

त्याने चाल धरली. अट्रॅक्टाने चटकन पेटी उचलली आणि दुसऱ्या ओळीला ती त्याला येऊन मिळाली. खरं सांगायचं तर चांगलं चाललं होतं. डिम्फना बाटली धरून तशीच उभी राहिली. आणि मर्डोला वाटलं, की झालं, आपण तिच्याबरोबर वाजवतोय. एवढं वाटलं आणि तो श्वास घ्यायला विसरला.

कोलमनने खुणा केल्या. स्वतःचं नाक दाखवलं. मर्डोने डोळे मिटले होते. गाल फुगले, मान सुजली, कपाळावर शिरा उभ्या राहिल्या. अट्रॅक्टाने सहज मान वळवून पाहिलं तर नवरा जांभळा पडलेला. ती जन्मभर नर्स होती. तिने पेटी फेकली, एका हाताने त्याला खुर्चीसकट आडवं केलं, कॉलर फाडली आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. पिशवीत हवा होतीच. प्रत्येक दाबाला पाइपातून एक लांबलचक हंबरडा निघायला लागला.

"त्याचा जीव जातोय," कोणीतरी म्हणालं.

"तो पाइप आहे," कोलमन म्हणाला. "अट्रॅक्टा, थांब. त्याला काही झालं नाही. मूर्ख आहे, बाकी ठणठणीत आहे."

डॉक्टर आला, हसला आणि एक ग्लास घेऊन गेला. एक बरगडी दुखावली होती, पण ती हृदयविकाराने नव्हे, बायकोने.

दोघं घरी आली. अट्रॅक्टाने चहा केला, सोडा ब्रेडला लोणी लावून पुढे ठेवलं आणि म्हणाली, "आता सांग."

"तुझ्याबरोबर एक चाल वाजवायची होती," मर्डो टेबलाकडे बघत म्हणाला. "मरायच्या आधी. तेवढंही नाही जमलं."

"मरायच्या आधी म्हणालास आणि अगदी मरायचाच मुहूर्त गाठलास," ती म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता. "आणि ती वासरं?"

"बरी आहेत. कधी आजारी नव्हती."

बरगडी बरी झाल्यावर मर्डोने आपला स्कॉटिश पाइप काढला आणि शेतात जाऊन उभा राहिला. दुसरं करणार काय? अट्रॅक्टा भांडी घासत होती. खिडकीतून त्याच्या आईची ती संथ चाल आली. हात पुसून तिने पेटी उचलली, दारात बसली आणि त्याच्या सुरात सूर मिळवायचा प्रयत्न केला. दातांत खडा आल्यासारखं झालं. पेटी खाली ठेवताना तिची नजर कपाटावर गेली.

कपाटावर तिच्या कॉन्सेप्टा मावशीची कॉन्सर्टिना होती. शंभर वर्षांपूर्वी कोणत्या तरी फौजी बँडसाठी केलेली, सूर नको तितका चढा, कोणाशीच जुळत नसे. ती गोलात आणलीस तर दाराला आतून कडी लावू, अशी कोलमनची जाहीर धमकी होती. गेली काही वर्षं तिच्यावर अंड्यांची टोपली ठेवलेली असायची. अट्रॅक्टाने अंडी उतरवली, भाता उघडून धूळ झटकली आणि एक बटण दाबलं.

तो सूर सरळ जाऊन पाइपाच्या सुराला चिकटला. अट्रॅक्टाने दुसरं बटण दाबलं. तोही.

ती अंगणात गेली आणि भांडी पुसायचं फडकं हवेत हलवायला लागली. मर्डो थांबला.

"मागे जा," ती ओरडली.

"काय केलं मी?"

"वाजवत मागे जा. तुझ्या आवाजात माझा बुडतोय."

मर्डोने पाइप फुंकला आणि मागे सरकला. फडकं हललं. तो दगडी कुंपण ओलांडून दुसऱ्या शेतात गेला. फडकं पुन्हा हललं. तो कोलमनच्या गाईंच्या पलीकडे, काटेरी झुडपापाशी पोचला तेव्हा फडकं खाली आलं, आणि अट्रॅक्टा दारातल्या स्टुलावर बसली. इतक्या लांबून त्याला फक्त तिची हलणारी कोपरं दिसत होती. त्याने चाल धरली. गाल फुगले, पाय चालायला लागले, आणि या वेळी त्यात काहीच चूक नव्हतं.

कोलमन आपली दोरी परत न्यायला आला होता. तो फाटकात थांबला आणि चाल संपेपर्यंत हलला नाही.

मर्डो धापा टाकत परत आला. अट्रॅक्टा पेटी मांडीवर घेऊन बसली होती, तिचे डोळे ओले होते आणि नाक लाल.

"कसं झालं?" मर्डोने कोलमनलाच विचारलं.

कोलमनने दोरी खांद्यावर टाकली. "दोघंही बेसूर," तो म्हणाला. "पण अगदी सारखीच बेसूर." आणि गाईंकडे निघून गेला.

"तुला ऐकू आलं का?" अट्रॅक्टाने विचारलं.

"एक सूर नाही," मर्डो म्हणाला. "एवढ्या लांबून कसं येणार?"

"मला आलं," ती म्हणाली. "आपण छान वाजवतो." मग तिने फडकं उचललं. "जा, उभा राहा परत तिथे. आणि चहाला यायचं तेव्हा फडकं हलवीन."