बाईंच्या पानावर खाडाखोड

रुग्ण सांभाळायला शिकवणाऱ्या बाईंना मोठ्या सरांनी नवं काम लावून दिलं. वर्गातल्या एकोणीस जणींनी आता ऑनलाइन, एकाच पानावर मिळून लिहायचं. ज्या ओळीला जी हात लावेल, तिचं नाव त्या ओळीशेजारी उमटणार.

"चूक दिसली की सरळ दुरुस्त करायची. मग ती कोणाची का असेना," बाईंनी घसा सुकेपर्यंत समजावलं. आठवडा झाला, पण पानावर "छान", "बरोबर", "खूप छान" याखेरीज काही उमटेना. दुसरीच्या लिखाणाला कोणी बोटही लावत नव्हती. वीस वर्षं उभ्याने शिकवून बाईंचे पाय कामातून गेले होते, आणि आता हे!

शनिवारी मुली पहिल्यांदा वॉर्डात जाणार होत्या. प्रत्येक खाटेशी लावायची सूचनांची यादी बाईंनी शुक्रवारी दुपारी त्याच पानावर टाकली. पाचपर्यंत ती छापायला द्यायची होती. ती लिहिताना एक डोळा कॉम्प्युटरवर, दुसरा फोनवर. लेक पहाटेच नोकरीच्या गावी निघाली होती आणि तिचा काही पत्ता नव्हता. अखेर उत्तर आलं, "अगं आई, कधीच पोहोचले. झोपले होते." बाईंनी मनातल्या मनात तिला चार शिव्या घातल्या आणि यादी संपवली.

साडेचारला दारात थोरली उभी. वर्गात सगळ्यात मोठी, नातवंडं असलेली. तिला सगळ्या थोरलीच म्हणत.

"बाई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती तासांनी बदलायची?"

"दोन. शंभरदा सांगितलंय."

"पानावर बारा आहे."

बाईंनी पाहिलं. खरंच बारा. बारा तास एका कुशीवर ठेवलं, तर माणसाच्या पाठीची काय दशा होईल!

"मग बदललं का नाहीस?"

"तुमच्या हातचं कसं खोडायचं? दुपारपासून आमची नुसती फोनाफोनी चाललीय. तू कर, तू कर. शेवटी म्हातारीला पुढे ढकललं."

"म्हणजे सगळ्यांना दिसलं होतं?"

"सगळ्यांना."

एक बटण दाबलं की काम झालं असतं. बाईंचा हात पुढे गेलाही. पण त्यांनी तो मागे घेतला आणि खुर्ची सोडली. "बस इथे. उद्या वॉर्डात डॉक्टरांचा आकडा चुकला तर अशीच फोनाफोनी करणार? तोवर पेशंटने काय करायचं?"

थोरलीने रुमालाला हात पुसले. एका बोटाने चाचपडत तिने १२ मधला १ पुसला. शेजारी तिचं नाव उमटलं.

"अगं बाई! हे जातं का पुसून?"

"नाही जात."

"मग राहू दे," थोरली म्हणाली आणि फोन काढून तिने बाकीच्यांना कळवलं, "मी खोडलं. बाई काही बोलल्या नाहीत."

पाच मिनिटांत पानावर नावांची झुंबड उडाली. कोणी "पाणी द्यावे"च्या आधी "घोट घोट" घातलं, कोणी "उशी" जोडली. एकीने कूस बदलायचे दोन तास काढून तीन केले.

बाईंनी चपला काढून पाय स्टुलावर टेकले. छापखान्यात फोन लावला. "अर्धा तास थांबा हो. नाही, यादी तयार नाही. आत्ता कुठे लिहायला लागल्यात."

मग त्यांनी तीनवाल्या मुलीचं नाव वाचलं आणि तीन का केले, हे विचारायला तिला फोन लावला.