रिकाम्या कपॅसिटरमधून आलेला आवाज

आधीच सांगून टाकतो – चौकातला उतारा ओलांडून पोहे खायला जाणारा माणूस आहे मी. भूतखेत, भास... सगळं बकवास म्हणणारा. त्यामुळे हे लिहायला हात धजत नव्हता. हसायचं तर खुशाल हसा.

इंदूरला मल्हारगंजात माझं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि मुकेश भिया, दोघंच – इंदुरात आम्ही सगळेच एकमेकांना 'भिया' म्हणतो, म्हणजे भाऊ. लाईट गेल्यावर मिनिटभर काम चालू ठेवणारी बॅकअप सर्किटं आम्ही बनवतो. त्यात बॅटरी नसते, सुपरकपॅसिटर असतो – झटकन भरणारा, झटकन रिकामा होणारा. काय कधी चालू ठेवायचं, कधी बंद करायचं, ते लॉजिक माझं, सोल्डरिंग भियाचं.

असंच एक डबडं मी घरच्या जिन्यात लावलं होतं. लाईट गेली की छोटा दिवा लागायचा आणि माझ्या बायकोचा, सुनीताचा, आवाज यायचा. ट्रायल पीस होता, म्हणून आवाज साध्या मेमरीत ठेवलेला. कपॅसिटरमध्ये चार्ज आहे तोवर आवाज. चार्ज संपला की पाटी कोरी. आणि चार्ज एकदा का ठरावीक पातळीखाली गेला, की मेमरीवर भरवसा ठेवायचा नाही, नुसता बीप वाजवायचा – हे लॉजिक मीच लिहिलेलं.

सुनीता माहेरची नाशिकची. "तुमचं मराठी म्हणजे निव्वळ खिचडी हो," म्हणून मला चिडवायची. दोन वर्षांपूर्वी गेली... आजार कळला आणि बघता बघता सगळं आटोपलंच. तेराव्याच्या आतच एकदा लाईट गेली आणि जिन्यातून ती बोलली. मला नाही हो सोसलं. मी स्पीकरची वायरच तोडून टाकली. डबडं मात्र प्लगला तसंच राहू दिलं.

यंदा जीव फार कासावीस व्हायला लागला. मोबाईलवर तिचे व्हिडिओ आहेत की – लग्नातले, वाढदिवसाचे. पण तिथे ती सगळ्यांशी बोलते. डबड्यात ती माझ्याशी बोलली होती.

म्हणून एका दुपारी डबडं काढून जपून वर्कशॉपात नेलं. प्लग काढल्यावर दिवा विझला तरी उरलेल्या चार्जवर मेमरी दिवसभर टिकते. तेवढ्यात स्पीकर परत जोडायचा होता. भियाच्या टेबलावर ठेवलं, "स्पीकर जोड दो" म्हणालो आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत येतो तर त्याने नेहमीच्या शिस्तीने सोल्डरिंगआधी कपॅसिटर शॉर्ट करून रिकामा केलेला. पार शून्य.

"ये क्या कर दिया यार! उसमें सुनीता थी!" मी ओरडलोच.

भिया पांढराफटक पडला. "भिया... बताते तो सही," एवढंच म्हणाला. मी स्टुलावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

त्याने गुपचूप स्पीकर जोडला, डबडं प्लगला लावलं, चार्ज होऊ दिलं. मग "एक बार देख लें?" म्हणत प्लग ओढला. बीप वाजणार, हे दोघांनाही माहीत होतं.

दिवा लागला. आणि...

"अहो, लाईट गेली. थांबा तिथेच, मी आलेच."

रेकॉर्डिंगच्या वेळी मी तिला फक्त 'लाईट गेली' म्हणायला सांगितलं होतं. बाकीचं तिने आपल्या मनाने जोडलं होतं. तेच, तसंच.

पुन्हा प्लग ओढला – बीप. पुन्हा – बीप. लॅपटॉप लावून मेमरी वाचली... कोरी! आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, शॉर्ट केलेला कपॅसिटर आपोआप थोडा परत चढतो. चढतो ना, आम्हीही रोज बघतो. पण पुसलेला आवाज परत येत नाही. लॉजिकची ओळन् ओळ तपासली. एकदा बीपकडे वळलं की तिथून आवाजाकडे जायला वाटच नाही. मला भास झाला म्हणावं, तर भियानेही ऐकलं. तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा.

भियाला मराठी येत नाही, पण ते वाक्य त्याच्या कानात पक्कं बसलंय. कधी कधी काम करता करता मी म्हणतो, "भिया, एक बार बोलो ना." तो हातातलं काम खाली ठेवतो आणि आपल्या जाड मालवी आवाजात, ऐकलं होतं तसं म्हणतो – "अहो, लाईट गेली. थांबा तिथेच, मी आलेच."

आणि मी थांबतो.