बाईंनी पेटीला दिलेला भोपळा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गणिताच्या बाईंचा. निपाणीकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाईंनी वडिलांना समोर बसवून मला पुढे धाडायला लावलं. आता त्या निवृत्त होऊन बेंगळुरूला बसवनगुडीत लेकीकडे राहतात.

मी बेंगळुरूतच एका कंपनीत, सांगितलेलं काम ऐकून करणाऱ्या बोलत्या पेटीची परीक्षा घ्यायचो. मराठी घरांत पेटी न्यायची, माणसांना तिच्याशी बोलू द्यायचं, मग ती वापरायला सोपी वाटली का, घरात ठेवाल का, हे विचारून पाचपैकी गुण घ्यायचे. माझी नोकरी कायम होणं या गुणांच्या अहवालावर अवलंबून होतं.

चामराजपेटच्या अक्कांनी आधी पोहे खाऊ घातले. मग पेटीला गजर लावायला सांगितला. तिने पावसाचा अंदाज सांगितला. पुन्हा सांगितलं, तर भजन लावलं. अक्कांनी पाचपैकी पाच दिले.

"अहो अक्का, एक काम धड झालं नाही."

"स्वल्प चुकलं असेल की. तू एवढ्या उन्हातून आलास."

घरोघरी हेच. मी खात गेलो, पेटी पास होत गेली. साहेबांनी पेटीतलं रेकॉर्डिंग ऐकलं, गुण पाहिले आणि म्हणाले, लोकांना पेटी नाही, तुम्ही आवडलात. एक तरी खरा अहवाल आणा, नाहीतर दुसरीकडे बघा.

मी बाईंकडे गेलो. परीक्षा संपेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. जेवणानंतर रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दे, असं त्यांनी पेटीला सांगितलं. पेटीने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्यातल्या औषधाच्या दुकानाचा पत्ता दिला.

"शून्य," बाई म्हणाल्या.

"बाई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. तुला तरी मी कधी फुकट गुण दिले होते?"

मग त्यांनी पेटीच्या चुका एकेक करून लिहवून घेतल्या, अक्षराला नावं ठेवली आणि शेवटी चहा दिला. तो अहवाल वाचून साहेबांनी बाकीच्या घरांची परीक्षा पुन्हा घ्यायला लावली. या वेळी मी उपाशी गेलो नाही, जेवून गेलो. कुणाच्या पोह्यांना हात लावला नाही. पेटी धडाधड नापास झाली. मी कायम झालो.

बाई फोन उचलत नाहीत, म्हणून पत्र टाकलं:

"आदरणीय बाई, सा. न.
नोकरी कायम झाली. पेटीला कंपनीने परत अभ्यासाला बसवलं आहे. सुधारली की तुमच्याकडेच आणीन. तोवर गोळीची आठवण रोज जेवणानंतर मी करून देईन, पण त्यासाठी फोन उचलावा लागेल.
आपला, काठावर पास झालेला विद्यार्थी."