गाळ्यासाठी आणलेला पिक्चर

टुकार पिक्चर मी भरपूर पाहिले आहेत. नागीण कोर्टात साक्ष देते असाही एक पाहिला आणि उभा राहून शिट्ट्या मारल्या. पण गोऱ्या गुंडांचा तो हिंदीत डब केलेला पिक्चर आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो, कारण तो मी स्वतः निवडून आणला होता आणि तोही एका थोर कामासाठी.

काम असं होतं. माझा एक मित्र टीव्ही दुरुस्त करायचा. आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, घरोघर रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर आले होते, आणि हा गडी हत्यारांची पिशवी मोटारसायकलला अडकवून दारोदार फिरत होता. त्याला शेजारच्या बेल्ह्यात, बाजाराच्या गावी, दुकान हवं होतं. तिथल्या बैलबाजाराला चहूकडून टेम्पो यायचे. माणसाने येताना बिघडलेला टीव्ही टाकावा आणि बाजार उरकून जाताना चालू करून न्यावा, असं त्याचं साधं गणित. बाजाररस्त्यावर एकच गाळा रिकामा होता आणि तो माझ्या चुलत्यांचा होता, त्यांच्या घराला चिकटून.

चुलत्यांच्या घरात मित्राला मज्जाव नव्हता. टीव्ही बंद पडला की तो थेट माजघरापर्यंत जायचा. टीव्हीच्या बाबतीत आमचं घराणं फार पुढारलेलं. गाळ्याचं विचारलं की मात्र चुलते म्हणायचे, "बघू की. घाई काय?" असं ते दोन वर्षं बघत होते.

म्हणून मी डाव टाकला. सीडी भाड्याने देणाऱ्याने सांगितलं, "भाऊ, हा न्या. काळा माणूस गोऱ्यांच्या गल्लीत दुकान टाकतो, आणि गुंडांची टोळी त्याला टाकू देत नाय. लई रडवतो." मला वाटलं, देवच पावला! चुलत्यांना पिक्चर दाखवायचा, ते विरघळले की गाळ्याचं बोलायचं. मित्र म्हणाला, "राव, सरळ विचारू की." मी म्हणालो, "तू गप. माणसाचं काळीज आधी मऊ करावं लागतं."

रविवारी दुपारी बसलो. पिक्चर सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला मी कपाळावर हात मारला. टोळीतले सगळे टकले. मानेवर गोंदलेलं, तोंडात शिवी, आणि बोलणं मुंबईच्या खंडणीवाल्यांसारखं. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या काळ्या दुकानदाराला अख्ख्या पिक्चरमध्ये तीन वाक्यं, त्यातली दोन कण्हण्याची. बाकी सगळा वेळ कॅमेरा टोळीच्या म्होरक्याच्या निळ्या डोळ्यांवर. तो मारतानाही देखणा, पश्चात्ताप करतानाही देखणा. दुकान जळतं दुसऱ्याचं आणि व्हायोलिन वाजतं याच्यासाठी!

मध्यंतरालाच वीज गेली. मी मनात म्हटलं, सुटलो. पण चुलते रंगात आले होते. मित्राने त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, स्वतःचा इन्व्हर्टर जोडला आणि टीव्ही पुन्हा लावून दिला. शेवटी दुकानदाराने जळकं दुकान पुन्हा उघडलं आणि गुंड शटर खाली ओढू लागले तसे चुलते खाटेवरून उठले आणि टीव्हीवर ओरडले, "आरं, लावू द्या की त्या गरिबाला दुकान! तुमच्या बापाचं काय जातंय?"

मी मित्राकडे पाहिलं. तो बॅटरीच्या वायरीकडे पाहत होता.

पिक्चर संपला. म्होरक्याला गोळी लागते, काळा दुकानदार त्याला रक्त देतो आणि पाच मिनिटांत जगातला सगळा द्वेष संपतो. चुलत्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी म्हणालो, "काका, मग आपल्या गाळ्याचं काय? याला दुकानाला द्यायचा?"

"ते येगळं," चुलते म्हणाले.

"वेगळं कसं?"

"आरं, ती राक्षसं. आपण कधी कुणाला बोट लावलं का? सांग रं मेकॅनिक, लावलं का?"

"न्हाई लावलं, काका," मित्र म्हणाला.

"मग? आपल्याकडं असलं काय न्हाई. पण गाळ्याची भित्ताड देवघराला लागून हाय. तुझ्या काकूला न्हाई चालायचं."

आतून काकूंचा आवाज आला, "मला कशाला मधी घेताय? मी कधी काय म्हणले?"

"तू चहा बघ!" चुलते म्हणाले.

बोलायची वेळ ती होती. एरवी चावडीवर तासभर सोंगं वठवणारा मी, त्या वेळी सीडीच्या डबीवरची टकली डोकी निरखत बसलो. दोन वर्षं चुलत्यांच्या मनात थोडी तरी टोचणी होती, म्हणून ते "बघू" म्हणत होते. त्या पिक्चरने ती टोचणी काढून घेतली. दुष्ट कोण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि चुलत्यांच्या डोक्यावर तर भरपूर केस होते.

मित्राने वायरी सोडवल्या, बॅटरी ट्रॅक्टरला परत बसवली, चहा न घेताच निघाला. मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. वेशीबाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्या टकल्यांना येवढी मेहनत कशापाई करावी लागती, राव? गोंदायचं काय, जाळायचं काय! हिकडं नुसतं 'बघू' म्हणलं तरी भागतं."

"मी परत बोलतो काकांशी," मी म्हणालो.

"नको बाबा," तो म्हणाला. "तू आजून एक पिक्चर आणशील."

त्याने पुढे पिंपळवंडीत दुकान टाकलं. जागा त्याने स्वतःच शोधली, सरळ विचारून. मला कळवलं ते शटरला रंग लावून झाल्यावर. चुलत्यांनी गाळ्यात पेंडीची पोती रचली, आणि अजून पाहुण्यारावळ्यांना सांगतात, "तो काळ्या माणसाचा पिक्चर प्रत्येकानं बघावा. लई शिकण्यासारखं हाय त्यात."