रानडुकरांनी उकरलेला माझा अळूचा वाफा

मंडळी, इथे परदेशात आमच्या इमारतीच्या ब्लॉकमागे जंगलाला लागून रहिवाशांची बाग आहे. आज सकाळी तिथे गेले, तर रानडुकरांनी माझा अळूचा वाफा पार उकरून टाकला होता. रडूच आलं.

शेजारचा वाफा सांभाळणाऱ्या मिसेस टॅन इथल्या बोलीतलं नेहमीचं 'लाह' जोडत म्हणाल्या, "सोडून दे लाह. ती परत येणार."

मी म्हटलं, "येऊ देत. दिवाळीला आई पहिल्यांदाच इथे येतेय. ती इथलाच अळू खाणार."

नवऱ्याला बोलावलं. दोघांनी वाफ्याभोवती तारेची जाळी ठोकली आणि खालून मुसंडी मारता येऊ नये म्हणून तिची कड मातीत खोल पुरली. वाचलेले कंद पुन्हा लावले.

जाळी उचकटलीच, तर आणखी खोल पुरेन. तुम्ही माझ्या जागी असता तर बाग सोडली असती का?