आधी खोरं, मग कुस्ती

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हळदीच्या गाड्या घेऊन सांगलीला निघालेल्या कुठल्याही गाडीवानाला विचारलं असतं, "गड्या, उतरणार कुठं?" तर त्यानं धर्मशाळेचं नाव घेतलं नसतं. "अर्जुनाकडं," असंच म्हणाला असता.

अर्जुना म्हणजे कृष्णेच्या घाटाजवळच्या तालमीचा राखणदार. साहेबलोकांना शहरात टेनिस होतं, वेताच्या खुर्च्या होत्या. दिवसभर पोती वाहून पाठीचा चुरा झालेल्या परगावच्या माणसाला काय होतं? अर्जुना होता! पहाटे त्याच्या हौदात कुस्ती खेळा, मग त्याच्या हातची मालिश घ्या, घाटावर मनसोक्त पोहा आणि बाजार सुरू होईपर्यंत कडुलिंबाखाली ताणून द्या. या सगळ्याचा मोबदला एकच. कुस्तीआधी हातात खोरं घ्यायचं आणि हौदातली माती उकरून लोण्यासारखी मऊ करायची. वर ज्याच्या त्याच्या गावचं काहीतरी मातीत पडायचं. आष्ट्याचा गडी तेल ओतायचा, पलूसचा लिंबं पिळायचा, जतकडचा धनगर ताकाचं गाडगं रिकामं करायचा, आणि हळदीची पूड तर सगळेच टाकायचे.

"ह्या हौदात अर्धा मुलूख कालवलाय," अर्जुना म्हणायचा.

तो स्वतः असाच आलेला. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मेंढरं गेली, तसा जतकडनं चालत आला आणि तालमीच्या दारात बसला. जुन्या वस्तादानं जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. हातात खोरं दिलं. पुढं एका कुस्तीत डावा कोपर कायमचा आखडला, पण उजव्या हाताची बोटं अशी, की दुखरी शीर आपणहून त्यांच्याखाली यावी.

तालीम बांधली होती नानासोंच्या आजानं. त्यामुळं मालक नानासो. रोज उन्हं आल्यावर यायचे, पायातल्या वहाणाही न काढता कट्ट्यावर उभे राहून पुतण्याची, जोतिबाची, कुस्ती बघायचे. तोवर परगावची मंडळी घाटावर गेलेली असायची आणि हौद मऊसूत तयार असायचा. तो कोण तयार करतं, हे नानासोंनी कधी विचारलं नाही. बसल्या जागी सगळं मिळणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत.

एके दिवशी मात्र ते लवकर आले. हौदात गाडीवान, हमाल, धनगर घामानं निथळत झोंबत होते. नानासोंचं टाळकं फिरलं.

"अर्जुना! ही तालीम हाय का बैलबाजार? माती नासली सगळी. उद्यापासनं परगावचं कुत्रंबी आत दिसलं न्हाई पायजे. न्हाईतर तूबी भाईर!"

साठीच्या अर्जुनाला दुसरं घर नव्हतं. पण त्याला घर जायची भीती नव्हती. ज्या दारानं त्याला आत घेतलं, ते त्याच्याच हातानं लावायचं होतं. ते जिव्हारी लागलं. तरी तोंड उघडलं नाही. मानी माणूस.

दुसऱ्या पहाटे दार बंद. बाहेर सयाजी उभा होता. साताऱ्याकडचा हा गडी पलटणीतनं सुटून आलेला. दुखऱ्या गुडघ्यावर अर्जुनाकडनं मालिश करून घ्यायचा आणि बाजारात हमाली करायचा.

"आवं अर्जुनाबा, भिताडावरनं येतो, उकरतो आन् जातो. कुणाला कळतंय?"

"मला कळंल की! चोरून माती उकराय तू काय घूस हायस व्हय रं?"

बाहेर हशा पिकला, पण कुणी हललं नाही. रोज पहाटे यायचे, दाराबाहेर बसायचे. आत अर्जुना एका हातानं खोरं ओढायचा. पाव हौद उकरून होईस्तोवर उन्हं यायची. वैशाखाचं ऊन ते. पाचव्या दिवशी बाकीची माती खळ्यासारखी बसली.

"जोतिबा, उजव्या अंगालाच खेळ," अर्जुनानं बजावलं. "डावीकडची माती टणक झालीया."

"म्हातारा झालासा, अर्जुनाबा," जोतिबा हसला. खेळता खेळता डावीकडं गेला, खांद्यावर आपटला आणि गुरासारखा ओरडला.

अर्जुना धावला. पायाचा टेकू देऊन, उजव्या हातानं बेतानं ओढून निखळलेला खांदा त्यानं जागेवर बसवला. नानासो वहाणा कट्ट्यावरच सोडून हौदात उतरले होते. तळपायाला टणक माती लागली तसे थबकले.

"ही माती अशी कशानं झाली? आजवर कोण उकरत हुतं?"

"आमी, सरकार," दाराबाहेरनं सयाजी ओरडला. "बैलबाजारातली बैलं!"

नानासो अर्जुनाकडं वळले. "मग बोलला का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुटं? हुकूम दिला."

नानासोंनी टाचेनं माती दाबून बघितली. मग हळू म्हणाले, "दार उघड."

अर्जुनानं दार उघडलं. मंडळी आत आली. पण खोरं त्यानं त्यांच्यापैकी कुणाला दिलं नाही. नानासोंसमोर धरलं.

"कायदा हाय, मालक. पयल्यांदा हौदात उतरणाऱ्यानं आदी खोरं धरायचं. वीस वर्सं तुमी कट्ट्यावर हुता. आज उतरलायसा."

नानासोंनी धोतर खोचलं.

"जरा वाका की सरकार," सयाजी म्हणाला, "माती खाली हाय!"

जोतिबासुद्धा खांदा धरून हसला. नानासो अर्धा हौद उकरेस्तोवर थांबले नाहीत. मग कंबर धरून खाली बसले.

त्या सकाळी लिंबाखाली, एका बाजूला आष्ट्याचा गाडीवान आणि दुसऱ्या बाजूला सयाजी, अशा दोघांच्या मधोमध नानासो पालथे पडले होते, आणि अर्जुना तेलाची वाटी घेऊन गाडीवानाची पाठ रगडत होता.

"माझी कवा?" नानासो कण्हले.

"नंबर लागलाय, मालक. पडा जरा."