उस्तादाचा अंगठा

सगळी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्याला ते भारी आवडायचं. सव्वीस वर्षं तो सायकली दुरुस्त करत होता. चिंचोळं दुकान, छताला टांगलेले टायर, गल्ल्यावर बसलेली बायको. सायकल झाली की उस्ताद चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर वर आणायचा, ब्रेकच्या डिस्कवरून सावकाश उजवा अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "झाली. न्या बिनधास्त." गिऱ्हाईक खूश! एवढ्या थाटात तर डॉक्टरही नाडी बघत नाही.

त्या दुपारी पोस्टवाल्या ताई तिसऱ्यांदा आल्या. डोंगरावरच्या घरांचं टपाल त्या माउंटन बाइकवरून वाटायच्या. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की हँडल थरथरायचं, धड्‌ धड्‌ धड्‌, मनगटापासून दातांपर्यंत. पहिल्यांदा उस्तादने पॅड बदलले. दुसऱ्यांदा डिस्कच नवी टाकली. आणि तेव्हाच चिडून चारचौघांत बोलून बसला, "सायकल चोख आहे, ताई. हात कच्चा आहे तुमचा. ब्रेक दाबायचा असतो, त्याचा गळा नाही." सगळे खो खो हसले. त्यांत टायरमध्ये हवा भरायला आलेले पोस्टातले साहेबही होते.

आज ताई हसत नव्हत्या. पिशवीतून एक कागद डोकावत होता.

"अर्ज आहे," त्या म्हणाल्या. "डोंगराचा रूट सोडतेय. तीन वाजता साहेबांना देईन. तेवढी सायकल बघून ठेवा, जी बाई येईल तिला तरी नीट मिळू दे."

आणि त्या समोर चहा प्यायला गेल्या.

उस्तादने सायकल स्टँडवर चढवली. बोल्ट घट्ट. हँडल ढिलं नाही. डिस्क सरळ, कुठे वाकलेली नाही. मग ब्रेक हलकासा दाबून त्याने चाक हळूहळू फिरवलं. धरतंय, धरतंय, सटकलं. पुन्हा धरलं. आणखी एक फेरी. पुन्हा तिथेच सटकलं!

त्या जागेवर खूण करावी म्हणून तो खाली वाकला, तर रिमवर पिवळ्या रंगाचा ठिपका आधीच होता. त्यानेच मागच्या वेळी लावलेला, जुनी डिस्क सटकत होती तिथे.

डिस्क नवी आणि जागा मात्र तीच? असं कसं होईल?

डोकं चालेना. हाताला सवय, हात आपोआप चालला. व्हॉल्व्ह वर आला, अंगठा डिस्ककडे गेला आणि बरोबर पिवळ्या ठिपक्यासमोर टेकणार तेवढ्यात थांबला.

त्याने अंगठा उलटा करून पाहिला. काळा, ग्रीसने चकाकणारा. दिवसभर चेनमध्ये असलेला.

अरे देवा.

डिस्कला तेलाचं बोट चालत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तेवढ्या जागी पॅड घसरतो, पुढे गच्च पकडतो, आणि फेरीगणिक एक धक्का. प्रत्येक वेळी दुरुस्ती करून, शेवटी स्वतःच्या हाताने तो बिघाड परत लावून देत होता. थाटात! डोळे मिटून! त्याचे कान तापले. आजवर किती सायकलींवर हा अंगठा फिरवला असेल?

त्याने हात साबणाने घासले, डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड नवे बसवले. अंगठा लांब ठेवला. ताई आल्या, गल्लीच्या उतारावरून दोन चकरा मारून आल्या.

"गेली की थरथर!" त्या म्हणाल्या. मग हळूच, "शिकले वाटतं मी. तुम्ही बोललात ते बरंच झालं. पण अर्ज देतेच, उस्ताद. हातावरचा विश्वासच उडालाय माझा."

बस. उस्तादला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. गप्प बसला असता तरी चाललं असतं, कुणाला काही कळलं नसतं. बायको मात्र गल्ल्यावरून टक लावून बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "तुमचा हात चांगला आहे. खराब माझा होता." आणि अडखळत, नाक पुसत, सगळं सांगून टाकलं.

ताई सायकलवरून खाली उतरल्या.

"दोन महिने," त्या म्हणाल्या, "मी चढणीला सायकलवर आणि उतरताना पायी. साहेब विचारायचे, काय बाई, आज कुणाचा गळा दाबलात?"

"चुकलं माझं."

"मला नका सांगू. त्यांना सांगा. हसले होते ना ते? त्यांच्यासमोर बोला."

"आत्ता?"

"तीन वाजायच्या आत."

उस्तादने बायकोकडे पाहिलं, ती काही वाचवेल म्हणून. ती म्हणाली, "जा की. बोलताना तोंड उघडं होतं, आता का मिटलं?"

अंगठा साबणाने घासूनही काळाच होता. तो फडक्याने पुसायला लागला.

"राहू द्या अहो," बायको म्हणाली. "असाच दाखवा."

पुढे ताई सायकल हातात धरून, मागे उस्ताद मान खाली घालून. कोपऱ्यावरचा न्हावी ओरडला, "काय उस्ताद, कुठे निघालात?"

"पोस्टात," तो म्हणाला, आणि हात खिशात घालता घालता बाहेरच ठेवला.